सातशे विद्यार्थ्यांचे सरकारी कॉलेज

अमेरिकेत फ्लोरिडा राज्याच्या पश्चिम किनाऱ्यावर सारासोटा नावाचे शहर आहे. शहराच्या उत्तर टोकाला, एका बाजूला विमानतळ आणि दुसऱ्या बाजूला उपसागर, अशा जागेत ‘न्यू कॉलेज ऑफ फ्लोरिडा’ वसले आहे. टॅमिआमी ट्रेल हा वाहता हमरस्ता कॉलेजच्या आवारातूनच जातो, त्यामुळे वसतिगृहातून किनाऱ्याकडच्या वर्गांत जायचे तर पादचारी पूल ओलांडावा लागतो. हे कॉलेज राज्य सरकारचे आहे. ते कोणत्याही विद्यापीठाला संलग्न नाही. स्वतःची पदवी देते आणि राज्याच्या विद्यापीठ व्यवस्थेत मोठमोठ्या विद्यापीठांच्या पंक्तीला बसते. विद्यार्थी मात्र बरीच वर्षे सातशे-आठशेच होते. पुण्या-मुंबईच्या एखाद्या जुन्या कॉलेजात नुसत्या अकरावी-बारावीला याहून जास्त मुले असतात.

इतक्या छोट्या कॉलेजात शिकवणे कसे चालते, पैसा कुठून येतो आणि शेवटचा शब्द कोणाचा असतो, हे नीट पाहावे म्हणून हा लेख. आपल्याकडे २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर चार वर्षांची पदवी, मेजर-मायनर, क्रेडिट, शेवटच्या वर्षी संशोधन हे शब्द घराघरात पोचले आहेत. त्यांच्यामागची कल्पना ज्या प्रकारच्या कॉलेजांत मुरली, त्यांतलेच हे एक.

‘लिबरल आर्ट्‌स’ म्हणजे आपल्याकडची कला शाखा नव्हे. इथे गणित, रसायनशास्त्र, इतिहास, संगीत, अर्थशास्त्र एकाच छताखाली असतात आणि विद्यार्थ्याने कोणत्याही एका दारातून आत शिरून बाकीच्या खोल्याही पाहाव्यात अशी अपेक्षा असते. वर्ग लहान, शिक्षक मुख्यतः शिकवण्यासाठी नेमलेले, मुले आवारातच राहणारी. अमेरिकेत अशी कॉलेजे बहुतेक खासगी आहेत आणि विल्यम्स, अ‍ॅमहर्स्ट, स्वार्थमोर ही त्यांतली नामांकित नावे. तिथला खर्च ऐकला की सामान्य घरातला माणूस मागे सरतो. हेच शिक्षण सरकारी फीमध्ये देणारी कॉलेजे थोडीच. १९८७ साली अशा कॉलेजांनी मिळून एक संघ स्थापन केला आणि आज त्याचे तिसेक सदस्य आहेत. वॉशिंग्टन राज्यातले एव्हरग्रीन, मिनेसोटा विद्यापीठाचे मॉरिस इथले कॉलेज, मेरीलँडचे सेंट मेरीज ही त्या कुळातली मंडळी. न्यू कॉलेज याच कुळातले, आणि माझ्या मते त्यातले सर्वांत धाडसी.

त्याचा जन्म मात्र खासगी. १९६० साली सारासोटातल्या नागरिकांच्या पुढाकाराने आणि एका प्रॉटेस्टंट चर्चच्या मदतीने ते स्थापन झाले. १९६४ साली पहिली तुकडी आली, तिच्यात १०१ विद्यार्थी होते. जागा मिळाली ती सर्कसवाल्या रिंगलिंग कुटुंबाची. चार्ल्स रिंगलिंग यांचा १९२० च्या दशकातला संगमरवरी वाडा म्हणजे आजचा ‘कॉलेज हॉल’, आणि शेजारी त्यांच्या मुलीसाठी बांधलेले घर म्हणजे ‘कुक हॉल’. वसतिगृहांचा आराखडा आय. एम. पेई यांनी केला. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयासमोरचा काचेचा पिरॅमिड पुढे याच वास्तुरचनाकाराने उभारला. सुरुवातीच्या वर्षांत आर्नॉल्ड टॉयन्बींसारख्या इतिहासकारानेही इथे काही काळ शिकवले. पहिल्याच तुकडीत विल्यम थर्स्टन नावाचा मुलगा होता. त्याने १९६७ साली पदवी घेतली. पदवीसाठी लिहिलेला त्याचा प्रबंध टोपॉलॉजीच्या पायाभूत मांडणीवर होता. पुढे १९८२ साली त्याला फील्ड्‌स पदक मिळाले. विसाव्या शतकातल्या मोठ्या भूमितीतज्ज्ञांत त्याची गणना होते.

आता शिक्षणाची पद्धत. हा या कॉलेजचा गाभा आहे, म्हणून इथे जरा थांबू. जे सांगतो आहे ते २०२३ पर्यंतच्या घडीबद्दल.

न्यू कॉलेजात गुण नव्हते. ए, बी, सी अशा श्रेणी नव्हत्या आणि सरासरीही नव्हती. त्यांच्या जागी होता करार. सत्र सुरू झाले की प्रत्येक विद्यार्थी एका प्राध्यापकाबरोबर बसून कागदावर करार करत असे. त्या प्राध्यापकाला ‘स्पॉन्सर’ म्हणत. करारात तीन गोष्टी लिहायच्या: या सत्रात मला काय साधायचे आहे, त्यासाठी मी काय काय शिकणार आहे, आणि किती झाले म्हणजे करार पूर्ण झाला असे धरायचे. खाली दोघांच्या सह्या.

एक उदाहरण कल्पून पाहू. दुसऱ्या वर्षाच्या एका मुलीला समुद्री जीवशास्त्रात रस आहे, पण स्पॅनिश सोडायची नाही आणि तत्त्वज्ञानाची गोडीही नुकतीच लागली आहे. ती करारात लिहिते: अकशेरुकी प्राणी हा प्रयोगशाळेसह कोर्स, संख्याशास्त्र, मधल्या पातळीचे स्पॅनिश, आणि एका प्राध्यापकाबरोबर अरिस्टॉटलच्या प्राणिविषयक लेखनाचे खासगी वाचन, ज्याला तिथे ‘ट्यूटोरियल’ म्हणतात. चारपैकी तीन समाधानकारक झाले की करार पूर्ण. स्पॉन्सर कागद पाहतो आणि विचारतो, प्रयोगशाळेसह चार विषयांचा भार एकदम झेपेल का? संख्याशास्त्र आताच कशाला? ती उत्तर देते, तो एखादी ओळ खोडतो, ती एखादी वाढवते. सत्राच्या मध्यावर काही जमत नाही असे दिसले तर ठरलेल्या मुदतीत करार बदलूनही घेता येतो.

यात लक्षात घेण्यासारखी गोष्ट ‘चारपैकी तीन’ ही आहे. चौथा विषय धोका पत्करण्यासाठी आहे. ज्या विषयात आपण कच्चे आहोत तो घ्यावा, पडलो तर पडलो, टक्के घसरायची भीती नाही. आपल्याकडे एखाद्या हुशार मुलीने गणित आवडत असूनही ‘स्कोअरिंग’ नाही म्हणून सोडल्याची उदाहरणे प्रत्येक घरात सापडतील. त्या भीतीवर या एका ओळीने उपाय केला होता.

सत्र संपल्यावर निकालपत्रात ‘समाधानकारक’, ‘असमाधानकारक’ किंवा ‘अपूर्ण’ यांपैकी एक शब्द येई. त्याच्याबरोबर येई तो शिक्षकाने लिहिलेला मजकूर: या विद्यार्थिनीचा पहिला निबंध पसरट होता, दुसऱ्यात मुद्दा सापडला, प्रयोगशाळेतली नोंदवही नेटकी आहे, पण आकडेवारीवरून निष्कर्ष काढताना घाई होते, वर्गात बोलत नाही, पण बोलते तेव्हा चर्चा पुढे जाते. अशा थाटाचे लेखन प्रत्येक विषयासाठी, प्रत्येक विद्यार्थ्यासाठी, प्रत्येक सत्राला. ज्याने पेपरांचे गठ्ठे तपासले आहेत त्याला याचे मोल आणि याचा भार दोन्ही कळतील. शिक्षकाने त्या मुलाला खरोखर ओळखले नसेल तर तो काय लिहिणार? म्हणून ही पद्धत वर्गात पंधरा-वीस मुले असतानाच चालते. साठ झाली की शिक्षक साचेबंद वाक्ये लिहू लागतो आणि सत्तर-ऐंशी झाली की गुणच बरे वाटू लागतात. न्यू कॉलेजात दर शिक्षकामागे विद्यार्थ्यांचे प्रमाण दहाच्या आसपास राखलेले होते, ते याच कारणाने.

दोन सत्रांच्या मधल्या जानेवारीत वर्ग नसत. तो महिना स्वतंत्र अभ्यासाचा, ‘आयएसपी’चा. एक प्रश्न घ्यायचा, एक शिक्षक गाठायचा आणि चार आठवड्यांत काहीतरी पूर्ण करून दाखवायचे. कोणी उपसागरातले पाणी तपासत बसे, कोणी नाटक बसवे, कोणी एखाद्या संस्थेत जाऊन काम करी. पदवीसाठी अशा तीन जानेवाऱ्या आणि सात करार पूर्ण व्हावे लागत. विद्यार्थ्याला याचा मोठा फायदा होई: स्वतःचा वेळ स्वतः कसा कारणी लावता येतो आणि कसा वाया जातो, हे शेवटच्या वर्षाच्या प्रबंधाआधीच तीनदा अनुभवून होई.

कारण प्रबंधातून सुटका कोणालाच नव्हती. हुशार मुलांसाठी वेगळी ‘ऑनर्स’ची वाट नाही, सगळ्यांनाच प्रबंध. शेवटचे वर्ष त्यातच जाई. मग येई तोंडी परीक्षा, तिचे बोलीतले नाव ‘बॅक’. निदान तीन प्राध्यापकांची समिती समोर बसे, आणि दार उघडे असे. मित्र, खालच्या वर्गातली मुले, कधी आईवडील, कोणीही येऊन मागे बसावे. आपल्याकडच्या व्हायव्हात बाहेरचा परीक्षक येतो, दहा मिनिटांत सही होते आणि पुढचा रोल नंबर आत जातो. तिथे विद्यार्थी आपले काम मांडे, समिती त्याच्या मांडणीतल्या फटी शोधे आणि त्याला त्या तिथेच, सर्वांदेखत, बुजवाव्या लागत. पहिल्या वर्षाची मुले हे पाहत असत हे मला फार महत्त्वाचे वाटते. तीन वर्षांनी आपल्यालाही इथे उभे राहायचे आहे हे नियमावलीत वाचणे वेगळे आणि ओळखीच्या मुलाला अडखळताना आणि सावरताना पाहणे वेगळे. ते प्रबंध पुढे जेन बॅनक्रॉफ्ट कुक ग्रंथालयात ठेवले जात आणि नंतरची मुले ते काढून वाचत.

विभागही तिथे आपल्यासारखे नव्हते. मानव्यविद्या, सामाजिक शास्त्रे आणि निसर्गविज्ञान असे तीनच मोठे गट. त्यामुळे प्रबंधाच्या समितीत जीवशास्त्राच्या शेजारी तत्त्वज्ञानाचा शिक्षक बसला तरी कोणाची हद्द ओलांडली असे होत नसे. कॉलेजच्या क्रीडासंघांना नाव देतात तसे काही तिथे नव्हते, कारण संघच जवळजवळ नव्हते. विद्यार्थ्यांनी प्रतीक म्हणून घेतले होते गणितातला रिक्त संच, म्हणजे दोन कंस आणि मध्ये काही नाही. पदवीदानाला काळ्या झग्याची सक्ती नव्हती. उपसागराच्या काठी, सूर्य मावळतीला आला की मुले हव्या त्या वेशात येऊन पदवी घेत.

या पद्धतीच्या त्रुटीही खऱ्या आहेत. ज्याला वेळेचे भान नाही असा मुलगा गुणांच्या चाबकाविना भरकटतो. चार वर्षांत पदवी पूर्ण करणाऱ्यांचे प्रमाण राज्याला हवे तेवढे कधीच नव्हते. पुढच्या प्रवेशासाठी अर्ज करताना सरासरीच्या चौकोनात काय भरायचे, हा प्रश्न प्रत्येकाला पडे. तरीही पीएच.डी.कडे वळणाऱ्या आणि फुलब्राइट शिष्यवृत्ती मिळवणाऱ्या मुलांचे प्रमाण कॉलेजच्या आकाराच्या मानाने डोळ्यात भरण्यासारखे होते.

आता पैसा. खासगी असताना कॉलेजला तो पुरला नाही. दहा वर्षांतच कर्ज डोक्यावर आले आणि १९७५ साली ते साउथ फ्लोरिडा विद्यापीठाच्या पदराखाली गेले. व्यवहार असा ठरला: जमीन आणि इमारती राज्याला, कर्जही राज्याकडे. मात्र अशा शिक्षणाचा जो जास्तीचा खर्च आहे तो कॉलेजच्या खासगी प्रतिष्ठानाने देणग्या जमवून भरायचा. करारपद्धत, प्रबंध, बॅक हे सगळे तसेच राहिले. पंचवीसेक वर्षे ही जोडी टिकली. मग १ जुलै २००१ रोजी कायद्याने न्यू कॉलेज वेगळे झाले आणि राज्याच्या विद्यापीठ व्यवस्थेतले अकरावे सदस्य बनले. कायद्यात त्याला राज्याचे ‘ऑनर्स कॉलेज’ असा दर्जा मिळाला.

विद्यार्थ्याच्या बाजूने पाहिले तर हा सौदा विलक्षण होता. फ्लोरिडातल्या मुलाला वर्षाची ट्यूशन फी सुमारे सात हजार डॉलर. राज्याच्या लॉटरीच्या पैशातून चालणारी ‘ब्राइट फ्यूचर्स’ शिष्यवृत्तीची वरची श्रेणी मिळाली तर तीही भरली जाते, राहण्या-जेवण्याचा खर्च उरतो. त्याच प्रकारच्या खासगी कॉलेजात हीच फी कितीतरी पट. बँकेत पैसा नसलेल्या घरातल्या मुलाला दहा जणांच्या वर्गात बसून एका प्राध्यापकाबरोबर अरिस्टॉटल वाचता यावा, यासाठी राज्य पैसे मोजत होते. सरकारी पैशाचा याहून चांगला उपयोग मला तरी सुचत नाही.

राज्याच्या बाजूने मात्र हिशेब वेगळा दिसे. कुलसचिव, ग्रंथालय, प्रयोगशाळा, आर्थिक मदतीचे कार्यालय, इमारतींची डागडुजी यांचा खर्च सातशे मुलांसाठीही करावा लागतो आणि पन्नास हजारांसाठीही. मुले थोडी असली की प्रत्येक पदवीमागचा खर्च फुगतो. २०१४ पासून फ्लोरिडाने विद्यापीठांना कामगिरीनुसार निधी द्यायला सुरुवात केली. चार वर्षांत किती पदवीधर झाले, वर्षभरात किती जणांना नोकरी लागली, पगार किती, असे निकष आले. ज्या कॉलेजातली मुले पदवीनंतर पुढच्या अभ्यासाकडे किंवा कमी पगाराच्या सामाजिक कामाकडे वळतात, ते या तक्त्यात तळाला जाणार हे उघड होते, आणि न्यू कॉलेज वारंवार तळाला गेले. मग बाराशे विद्यार्थ्यांचे लक्ष्य ठेवून वाढीची योजना आखली गेली. घडले उलटेच. २०१६ च्या सुमारास साडेआठशेच्या पुढे असलेली संख्या काही वर्षांत सातशेच्या आसपास उतरली. २०२० साली कॉलेज फ्लोरिडा स्टेट विद्यापीठात विलीन करण्याचे विधेयक आले, ते मंजूर झाले नाही.

शेवटचा शब्द कोणाचा, ते आता पाहू. अमेरिकेत सरकारी कॉलेज म्हणजे राज्याचे कॉलेज. वॉशिंग्टनच्या केंद्र सरकारचा तिथे थेट अधिकार नसतो. फ्लोरिडाच्या राज्यघटनेनुसार प्रत्येक सरकारी विद्यापीठाला तेरा जणांचे विश्वस्त मंडळ असते. त्यातले सहा राज्यपाल नेमतात आणि पाच राज्य पातळीवरचे नियामक मंडळ नेमते. उरलेले दोन म्हणजे प्राध्यापकांचा प्रतिनिधी आणि विद्यार्थी संघटनेचा अध्यक्ष. नियामक मंडळाच्या सतरा सदस्यांपैकी चौदांची नेमणूकही राज्यपालांकडूनच होते. तिथला राज्यपाल म्हणजे आपल्या मुख्यमंत्र्यासारखा निवडून आलेला कारभारी. विश्वस्त मंडळ कॉलेजचा अध्यक्ष नेमते, त्याला काढते, अंदाजपत्रक मंजूर करते आणि प्राध्यापकांच्या कायम नेमणुकीवर शेवटची मोहोर उठवते. म्हणजे विद्यार्थी आणि स्पॉन्सर यांचा तो कागदावरचा करार जितका खासगी वाटतो, तितकाच तो या मंडळाच्या मर्जीवर उभा असतो. बरीच वर्षे ही मर्जी कोणी वापरून पाहिली नव्हती.

जानेवारी २०२३ मध्ये राज्यपाल रॉन डिसँटिस यांनी एकाच वेळी सहा नवे विश्वस्त नेमले. त्यांत शिक्षणातल्या विविधता-कार्यक्रमांचे कडवे विरोधक क्रिस्टोफर रूफो होते. कॉलेज एका वैचारिक बाजूला कलले आहे आणि विद्यार्थिसंख्या घटते आहे, म्हणून दिशा बदलायला हवी, अशी राज्य सरकारची बाजू होती. नमुना म्हणून मिशिगनच्या हिल्सडेल या खासगी पुराणमतवादी कॉलेजचे नाव राज्यपालांच्या कार्यालयातून घेतले गेले. ३१ जानेवारीच्या बैठकीत अध्यक्ष पॅट्रिशिया ओकर यांना दूर केले गेले आणि राज्याच्या विधानसभेचे माजी सभापती रिचर्ड कॉरकोरन हंगामी अध्यक्ष झाले. विविधतेचे कार्यालय बंद झाले. कायम नेमणुकीसाठी आलेल्या पाच प्राध्यापकांना एप्रिलमध्ये मंडळाने नकार दिला. ऑगस्टमध्ये लिंगभाव अभ्यासाचा कार्यक्रम गुंडाळण्याचा ठराव झाला. एक तृतीयांशाहून जास्त प्राध्यापक कॉलेज सोडून गेले. मॅसॅच्युसेट्‌समधल्या हॅम्पशर कॉलेजने न्यू कॉलेजच्या मुलांना जुन्याच फीमध्ये प्रवेश देऊ केला, आणि काही मुले तिकडे गेली.

त्याच वर्षी खेळांचे संघ उभे राहिले, बेसबॉल आला, आणि रिक्त संचाच्या जागी वडाचे झाड हे प्रतीक झाले. नव्या प्रवेशांची संख्या विक्रमी होती आणि त्यात खेळाडूंचा भरणा मोठा होता. राज्याने निधीही वाढवून दिला. पेई यांच्या वसतिगृहांत बुरशी झाल्यामुळे ती बंद ठेवावी लागली आणि जुन्या मुलांना हॉटेलांत राहावे लागले. होमरच्या ‘ओडिसी’वरचा कोर्स नव्या विद्यार्थ्यांना सक्तीचा झाला. ‘ओडिसी’ वाचण्यात गैर काहीच नाही, उलट ती प्रत्येकाने वाचावी. पण ज्या कॉलेजात काय वाचायचे हे विद्यार्थी आणि शिक्षक समोरासमोर बसून ठरवत, तिथे ते वरून ठरून येणे हा पद्धतीतला बदल आहे, आणि माझ्या मते बेसबॉलपेक्षा तो मोठा बदल आहे.

आपल्याकडची मुले पदवीसाठी अमेरिकेची चाचपणी करतात तेव्हा क्रमवारी पाहतात, फी पाहतात, हवामान पाहतात. छोट्या सरकारी कॉलेजकडे पाहायचे असेल तर आधी एक गोष्ट ध्यानात घ्यावी: राज्याबाहेरच्या आणि परदेशी विद्यार्थ्याला फी बरीच जास्त पडते, सात हजारांचा आकडा त्याच्यासाठी नसतो. त्यानंतर तीन गोष्टी विचाराव्यात. पहिल्या वर्षाच्या वर्गात किती मुले असतात आणि शिकवतो कोण, कायम प्राध्यापक की तासावर येणारा? शेवटच्या वर्षीचा प्रबंध सगळ्यांना आहे की निवडक मुलांना? आणि विश्वस्त मंडळावर कोण आहे, त्यांची मुदत कधी संपते? तिसरा प्रश्न बहुतेक पालकांना सुचतच नाही. फ्लोरिडात त्याचे उत्तर मिळवणे सोपे आहे. १९६७ पासून तिथे खुल्या कारभाराचा कायदा आहे. विश्वस्तांच्या बैठका लोकांसमोर होतात आणि इतिवृत्ते कोणालाही वाचता येतात. चार वर्षांसाठी मूल पाठवण्याआधी मागच्या दोन-तीन बैठकांची इतिवृत्ते बसून वाचावीत. अंदाजपत्रकाच्या पानाआधी नेमणुकांचे पान उघडावे.